ई-पोर्टफोलिओ सुरू करताय? प्लॅटफॉर्म नंतर बघा, आधी तो वाचणार कोण ते ठरवा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स आहे, ६० विद्यार्थी, सराव पाठांची कागदी फाईल बंद करून पुढच्या सेमिस्टरपासून ई-पोर्टफोलिओ (विद्यार्थ्याने आपलं काम आणि त्यावरच्या नोंदी ऑनलाइन ठेवायची फाईल) सक्तीचा होणार आहे आणि ते बघायला दोनच मॅडम. विचारलंय असं की प्लॅटफॉर्म कुठला घ्यावा, मार्क कसे द्यावेत, विद्यार्थी रिफ्लेक्शन (घेतलेल्या पाठाकडे मागे वळून बघत लिहिलेली नोंद) मनापासून लिहितील यासाठी काय करता येईल, आणि मागच्या बॅचच्या कागदी फायली स्कॅन करून त्यात चढवायच्या का. शेवटी एक भीतीही घातली आहे, की विद्यार्थी चॅटबॉटकडून रिफ्लेक्शन लिहून आणतील. संस्थांमध्ये हे सुरू करून देणं आणि शिक्षकांना त्याचं ट्रेनिंग देणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

प्लॅटफॉर्मचं सगळेच पहिलं विचारतात आणि ते साहजिकच आहे, त्याचं उत्तर एका मीटिंगमध्ये मिळतं, ठराव होतो, काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. मी तो विषय शेवटाकडे ठेवणार आहे. त्याच्या आधी कागदावर एक ओळ लिहा, हा पोर्टफोलिओ उघडून वाचणार कोण? "सगळेच" असं उत्तर आलं तर परत बसा. कारण विद्यार्थी स्वतः, तुम्ही प्राध्यापक, उद्या नोकरी देणारी शाळा आणि तपासणीला येणारी कमिटी हे चार वेगळे वाचक आहेत आणि चौघांना चार वेगळ्या गोष्टी बघायच्यात. नोकरी देणाऱ्याला छान झालेला पाठ बघायचाय, तुम्हाला फसलेला पाठ बघायला हवा कारण शिकवायचं तिथेच आहे, आणि कमिटीला सगळ्यांचं सगळं भरलंय का एवढंच मोजायचंय. एकाच पानावर या सगळ्यांना खूश करायचं म्हटलं की विद्यार्थी काही वेडे नाहीत, ते त्यातल्या सगळ्यात कडक वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितात, आणि मग फसलेला पाठ पोर्टफोलिओतून गायबच होतो.

हेलन बॅरेट म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक आहेत, या विषयात अगदी सुरुवातीपासून काम केलेल्या. त्यांनी ई-पोर्टफोलिओची दोन तोंडं सांगितली, एक कामाची जागा आणि दुसरी दाखवायची जागा. ऐकायला सोपं वाटतं पण मी बघितलेल्या बऱ्याच संस्थांत दोन्ही एकाच लिंकवर कोंबलेलं असतं आणि मग "मुलं वरवरचं लिहितात हो" अशी तक्रार असते. वरवरचं लिहिणारच ना, लिंक कोणाकोणाकडे जाणार आहे ते त्यांना माहीतच नसतं.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनमधल्या ज्युनिअर डॉक्टरांचं आहे. तिथे ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांना ई-पोर्टफोलिओत आपल्या केसेसवर रिफ्लेक्शन लिहावं लागतं, जिथे काही चुकलं त्यावरसुद्धा. एका लहान मुलाच्या मृत्यूच्या प्रकरणात एका ज्युनिअर डॉक्टर बाईंना २०१५ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं आणि जानेवारी २०१८ मध्ये हायकोर्टाच्या निकालाने त्यांचं नाव डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढलं गेलं (अपिलात तो निकाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिरला). त्या गदारोळात असं पसरलं की त्यांनी स्वतः लिहिलेलं रिफ्लेक्शनच त्यांच्याविरुद्ध वापरलं. प्रत्यक्षात त्यांचा ई-पोर्टफोलिओ ज्युरीपुढे पुरावा म्हणून गेलेलाच नव्हता, तसं नंतर स्पष्टही करण्यात आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, कितीतरी डॉक्टर उघड म्हणायला लागले की आता आम्ही पोर्टफोलिओत खरं काही लिहिणार नाही. तुमच्याकडे कोर्टकचेरी होणार नाहीये, पण प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्याच हातात आहेत आणि विद्यार्थ्याला तेवढी भीती पुरते.

म्हणून पोर्टफोलिओचे तीन कप्पे करा आणि पहिल्याच दिवशी कुठल्या कप्प्यात कोण डोकावणार ते लेखी द्या. पहिला फक्त विद्यार्थ्याचा, त्यात कच्चं काहीही असू दे, तो तुम्हीही उघडायचा नाही, उत्सुकता वाटली तरी. दुसरा विद्यार्थी आणि तुम्ही, इथे फसलेले पाठ येतात आणि इथेच खरं शिकवणं होतं. तिसरा बाहेर दाखवायचा, त्यात काय जाईल ते वर्षाच्या शेवटी विद्यार्थी स्वतः निवडणार. कमिटीसाठी चौथा कप्पा करू नका, त्यांना एक एक्सेल शीट द्या, कोणी किती नोंदी केल्या त्याची, बहुतेक वेळा त्यांना तेवढंच हवं असतं.

आता रिफ्लेक्शन. यावर जरा थांबतो कारण सगळा जीव इथेच आहे. नेहमी येतं ते असं: "हा पाठ घेताना मला खूप काही शिकायला मिळाले. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. माझा आत्मविश्वास वाढला. पुढील पाठात मी वेळेचे नियोजन अधिक चांगले करीन." चार वाक्यं, एकही खोटं नाही, आणि कुठल्याही पाठाखाली चिकटवलं तरी चालतं. हाच पाठ, हीच विद्यार्थिनी, पण तिला सांगितलं की आधी तुझ्या पाठाच्या व्हिडिओतली तीन मिनिटं निवड आणि त्या तीन मिनिटांबद्दलच लिही, की असं काहीतरी येतं: "सातव्या मिनिटाला मी 'समजलं का' विचारलं, सगळे 'हो' म्हणाले आणि मी छेद असमान असलेल्या बेरजेकडे गेले. व्हिडिओत दिसतंय की मागच्या बाकावरची मुलगी तेव्हा पहिलंच उदाहरण खोडत होती. ती 'हो' म्हणाली नव्हती, पण मी पुढच्या दोन बाकांकडेच बघत होते." याच्याखाली तुम्हाला एकच प्रश्न लिहायचाय, "समजलं का याऐवजी तिथे काय विचारलं असतंस?" आणि पुढच्या पाठाच्या टाचणात त्याचं उत्तर दिसलं पाहिजे, म्हणजे टाचणात तो प्रश्न शब्दशः लिहिलेला हवा. एवढी साखळी जमली तर बाकी पोर्टफोलिओ रिकामा असला तरी मला चालेल.

फरक कशाने पडला बघा, तिला काही "खोलवर विचार कर" असं सांगितलं नव्हतं, निवडायला लावलं होतं. चाळीस मिनिटांतली तीनच मिनिटं घ्यायची म्हटलं की सगळा व्हिडिओ निदान एकदा बघावा लागतो, आणि तीच का घेतली हे सांगताना रिफ्लेक्शन आपोआप होतं. १९९१ पासून या विषयावर लिहिणाऱ्या लोकांनी विद्यार्थ्याची निवड आणि निवडीची कारणं हा पोर्टफोलिओचा मुख्य भाग मानलाय, पण सॉफ्टवेअर आलं, अपलोड सोपं झालं, आणि निवडायची गरजच संपली. कागदी फाईलला निदान जाडीची मर्यादा होती. आता तुम्हाला ती मुद्दाम घालावी लागेल, एका सेमिस्टरला सहा नोंदी, सातवी टाकायची तर एक काढायची आणि का काढली ते एका ओळीत लिहायचं.

रिफ्लेक्शनसाठी गिब्जची १९८८ ची सहा पायऱ्यांची सायकल बहुतेक ठिकाणी छापून देतात, वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. वाईट नाहीये, पण नवशिके ती फॉर्मसारखी भरतात, सहा चौकोन, प्रत्येकात दोन वाक्यं, "भावना" या चौकोनात हमखास "मला आनंद झाला". मी तीनच प्रश्न देतो, काय झालं, त्याचं काय (म्हणजे ते का महत्त्वाचं), आता काय. आणि पहिल्या उत्तरात मिनिट किंवा पान नंबर किंवा मुलाच्या वहीचा फोटो यातलं काहीतरी एक सक्तीचं.

चॅटबॉटने रिफ्लेक्शन लिहून आणतील याची भीती तुम्ही शेवटी घातलीच आहे. आणतील. वरची ती चार वाक्यांची नोंद मशीन कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा छान लिहितं, म्हणून असलं रिफ्लेक्शन मागणंच बंद करा. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, ती माणसाने लिहिलेलंही मशीनचं ठरवतात आणि मग एका चांगल्या विद्यार्थ्याशी नको तो वाद होतो. मागच्या बाकावरची मुलगी काय खोडत होती हे व्हिडिओ न बघता कोणाला लिहिता येणार नाही, निदान लिहिलं तर दोन मिनिटांत उघडं पडतं. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून रेकॉर्ड करू द्या, दीड-दोन मिनिटांचा ऑडिओ. बोलताना लोक जास्त खरं बोलतात असा माझा अनुभव आहे, आणि टायपिंग जमत नाही म्हणून मागे पडणारेही पुढे येतात.

तुमच्या वेळेचा हिशोब आत्ताच करा, नंतर नको. एका पोर्टफोलिओला दहा मिनिटं धरली तर ६० चे झाले दहा तास, एका फेरीचे. सेमिस्टरमध्ये तिन्ही फेऱ्या तुम्हीच केल्यात तर तीस तास, दोघींत पंधरा-पंधरा. हे टाइमटेबलमध्ये दाखवून घ्या, तास म्हणून. ते मिळणार नसेल तर फेऱ्या कमी करा पण वाचायचं सोडू नका, कारण आपण लिहिलेलं कोणी उघडतच नाही हे विद्यार्थ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं (काही प्लॅटफॉर्मवर व्ह्यू काउंट, म्हणजे पान कितीदा उघडलं तो आकडा, त्यांनाही दिसतो बरं का) आणि त्यानंतर तो पोर्टफोलिओ मेलाच म्हणून समजा. माझी पद्धत अशी की पहिली फेरी चौथ्या आठवड्यात, छोटी, प्रत्येकाला एक प्रश्न फक्त. मधली फेरी जोडीदाराने करायची, त्यालाही तेच बंधन, शाबासकी नको, एक प्रश्न विचार. शेवटची तुमची.

मार्कांचं सांगतो. इथे एक जुनी गोष्ट माहीत असलेली बरी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने चौथी आणि आठवीसाठी लेखन आणि गणिताचे पोर्टफोलिओ राज्यभर लागू केले, तेव्हा कागदीच होते. रँड या संशोधन संस्थेच्या डॅनियल कॉरेट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तर पहिल्या वर्षी असं निघालं की एकाच पोर्टफोलिओला दोन शिक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी फारच कमी जुळतात, इतके कमी की त्यावरून मुलांची किंवा शाळांची तुलना करण्यात अर्थ नव्हता. कारणंही समजण्यासारखी होती, प्रत्येक मुलाने वेगळं काम निवडलेलं, निकष भरपूर, तपासणाऱ्यांचं ट्रेनिंग अपुरं. ट्रेनिंग वाढल्यावर गणितात सुधारणा झाली. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती, शिक्षकांनी सांगितलं की पोर्टफोलिओमुळे आम्ही वर्गात समस्या सोडवायला जास्त वेळ द्यायला लागलो. म्हणजे मोजपट्टी म्हणून लंगडा आणि शिकवणं बदलायला चांगला, असा तो प्रकार होता, आणि कागदाऐवजी स्क्रीन आली म्हणून यात काही बदललंय असं मला दिसत नाही.

त्यामुळे शंभरपैकी मार्क वगैरे भानगडीत पडू नका. तीन पातळ्या ठेवा, अजून व्हायचंय, झालंय, छान झालंय. निकष तीन, फार तर चार: पुरावा नेमका आहे का, लिहिलेलं त्या पुराव्याशी जोडलंय का, मागच्या प्रश्नाचं पुढच्या पाठात काही केलं का. डिझाइनला, रंगांना, बॅनरला शून्य, आणि ते आधीच सांगा नाहीतर कॅनव्हामध्ये रात्री जागवतील. पाठ फसला म्हणून मार्क कापायचे नाहीत हेही लेखी हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासायला बसण्याआधी पाच पोर्टफोलिओ निवडून दोघींनी ते वेगवेगळे तपासा, मग समोरासमोर बसून जिथे जुळलं नाही तिथे भांडा. एका दुपारचं काम आहे. निकषांची भाषा त्या दुपारनंतर जी होईल ती खरी, मीटिंगमध्ये लिहिलेली नव्हे. एएसी अँड यू या अमेरिकन कॉलेज-विद्यापीठांच्या संघटनेची व्हॅल्यू रुब्रिक्स (कामाची पातळी ठरवायचे निकषांचे तक्ते) नेटवर मिळतात, बघायला चांगली आहेत, पण जशीच्या तशी उचलू नका, ती पदवीच्या सगळ्या वर्षांसाठी केलेली आहेत आणि तुमच्या एका सेमिस्टरला फार मोठी होतील. याच संघटनेने २०१६ मध्ये ई-पोर्टफोलिओला आपल्या प्रभावी शैक्षणिक पद्धतींच्या यादीत अकरावी पद्धत म्हणून घेतलं, वरिष्ठांना पटवताना हे वाक्य उपयोगी पडतं म्हणून सांगून ठेवतो, मात्र तिथेही नीट केला तर अशी अट आहेच.

हां, आता प्लॅटफॉर्म. तुमच्याकडे मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) चालू असेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल तर माहारा बघा. न्यूझीलंडमध्ये २००६ ला सुरू झालेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, मूडलशी जोडता येतं, आणि वर सांगितलेले कप्पे त्यात नैसर्गिकपणे बसतात कारण प्रत्येक पान कोणाला दिसावं हे विद्यार्थीच ठरवतो. सबमिट केल्यावर पान लॉक होतं, हेही तपासताना बरं पडतं. दिसायला जरा जुनाट आहे, पहिल्या आठवड्यात कुरकुर होते, होऊ द्या. सर्व्हरवाला माणूस नसेल तर माहाराच्या वाटेला जाऊ नका, अपडेट कोणी करणार नाही आणि एक दिवस साईट उघडणार नाही. पेबलपॅडसारखी विकत मिळणारीही आहेत, बजेट असेल तर डेमो मागवा. लहान मुलांच्या वर्गासाठी सीसॉ छान आहे, फोटो काढून त्यावर आवाज रेकॉर्ड करता येतो, पण तुमच्या वयाच्या विद्यार्थ्यांना ते बालिश वाटेल.

बहुतेक ठिकाणी शेवटी गूगल साईट्सवर गाडी येते आणि ६० विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्षाला ते पुरतंही. फक्त दोन खड्डे माहीत असू द्या. एक म्हणजे साईटची परमिशन वेगळी आणि त्यात एम्बेड केलेल्या ड्राइव्हच्या फाईलची वेगळी. विद्यार्थ्याला स्वतःच्या लॉगिनने सगळं दिसतं, तुम्ही उघडलं की व्हिडिओच्या जागी "रिक्वेस्ट ॲक्सेस". सबमिशनच्या रात्री असे मेल यायला लागले की डोकं फिरतं. म्हणून नियम करा, जमा करण्याआधी जोडीदाराच्या लॉगिनमधून सगळी पानं उघडून बघायची, आणि बाहेर दाखवायचं पान इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत. दुसरा खड्डा मोठा आहे, संस्थेचं अकाउंट कोर्स संपल्यावर बंद होतं आणि त्याबरोबर वर्षभराचं काम जातं, नेमकं नोकरी शोधायच्या वेळी. कोर्स संपायच्या महिनाभर आधी एक तास फक्त एक्सपोर्टचा ठेवा, गूगल टेकआउटने (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) किंवा माहारा असेल तर त्याच्या एक्सपोर्टने, आणि झिप उतरवून थांबायचं नाही, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवायची. गूगलने जुन्या साईट्स बंद करून सगळ्यांना नव्यावर जायला लावलं तेव्हा वेळेत न हलवलेल्या साईट्स लोकांना दिसायच्या बंद झाल्याच, त्यामुळे कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

व्हिडिओचं गणितही बघून ठेवा. फोनवर १०८० पी मध्ये मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जातात, म्हणजे चाळीस मिनिटांचा पाठ अडीच ते पाच जीबी. ६० विद्यार्थ्यांचे असे पाच-सहा पाठ कुठे ठेवणार? तीन मिनिटांच्या क्लिपचा नियम इथेही कामाला येतो, पूर्ण व्हिडिओ विद्यार्थ्याच्या फोनवर राहू दे, पोर्टफोलिओत क्लिप. फाईलला नाव देताना "फायनल_नवीन_२" नको, पाठ नंबर आणि तारीख. आणि फोटोंना वर्णनाची ओळ द्यायची सवय लावा, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो.

सगळ्यात नाजूक मुद्दा म्हणजे त्या व्हिडिओत दिसणारी मुलं. तुमचा विद्यार्थी स्वतःचा चेहरा नेटवर टाकायला मोकळा आहे, पण सराव शाळेतल्या मुलांच्या वतीने तो परवानगी देऊ शकत नाही आणि तुम्हीही नाही. पालकांची लेखी संमती, त्यात कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे स्पष्ट, आणि एखाद्या पालकाने नाही म्हटलं तर त्या मुलाला कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवायचं, वर्गाबाहेर नव्हे. खरं तर कॅमेरा मागच्या भिंतीला लावून शिक्षकावर रोखला तर निम्मा प्रश्न सुटतो, पण मग मुलांचे चेहरे दिसत नाहीत आणि रिफ्लेक्शनला लागणारी मजा जाते, तेव्हा तो निर्णय तुम्हीच घ्या. मी दुसऱ्या कप्प्यासाठी समोरून घ्यायला सांगतो, संमती असेल तर आणि सेमिस्टरनंतर डिलीट करायच्या अटीवर, आणि तिसऱ्या, उघड्या कप्प्यात मुलांचे चेहरे अजिबात नाहीत, वहीच्या फोटोवरचं नावसुद्धा झाकायचं.

राहिल्या जुन्या फायली. स्कॅन करू नका. ६० फायलींचे पीडीएफ कोणी उघडणार नाही आणि स्कॅनिंगला बसवलेल्या माणसाचा महिना जाईल. त्यातून चार-पाच चांगल्या आणि दोन-तीन साध्या फायली काढा, त्या विद्यार्थ्यांना विचारा, हो म्हणाले तर नावं झाकून त्यातली काही पानं नव्या बॅचला पहिल्या तासाला वाचायला द्या आणि विचारा की यातली कुठली नोंद वाचून तुम्हाला त्या वर्गात काय झालं ते कळलं. नमुना पोर्टफोलिओ म्हणून एकच आदर्श दाखवलात तर ६० जण त्याचीच कॉपी करतील, म्हणून साध्या फायलीही हव्यात. बाकीच्या ज्याच्या त्याला परत देऊन टाका.